उंबरवेढ्याचा शिक्का

"ताई, घेणाऱ्यानं तोंड उघडलं की भाव चढला. मग ती मंडई असो न्हाईतर तुमचं इंटरनेट." गहिनीनाथ हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. टपाल छाटण्यात तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस. जिल्ह्यातल्या एकूण एक पोस्टाच्या शिक्क्यांची यादी ते एका जाड रजिस्टरात करत होते. कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत, शॉक बसेल म्हणून. माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि काचेकडे बोट दाखवायचे.

१९९९ सालची गोष्ट. दिल्ली गेटजवळ शुभांगीनं दोन कॉम्प्युटर मांडून कॅफे काढला होता. कॉलेजातली पोरं तिथं काय बघायची ते मी विचारलं नाही. मी बघायची जुनी तिकिटं. परदेशातल्या लिलावांच्या पानावर लोक आजीआजोबांची पाकिटं विकायला ठेवत. माझं इंग्रजी तिकिटांच्या कॅटलॉगवरून शिकलेलं. 'डागाळलेलं', 'दात तुटलेले', 'गोंद गेलेला' हे सगळं यायचं. कुणी 'कशा आहात' विचारलं असतं तर मात्र अडखळले असते.

स्वस्तात माल मिळायचा तो 'भारत, खेड्यातला शिक्का, वाचता येत नाही' असं लिहिलेल्या पाकिटांत. विकणाऱ्याला वाचता येत नाही, आपल्याला येतं, तेवढाच आपला नफा. विकणाऱ्याला काही विचारायचं नाही. लिलाव संपायला दोन मिनिटं उरेपर्यंत बोली लावायची नाही. पैसे अमेरिकेतून माझा भाचा राजस भरायचा आणि दिवाळीला आल्यावर चकल्यांत वसूल करायचा.

मी एकच शिक्का शोधत होते. उंबरवेढ्याचा.

उंबरवेढं माझं माहेर. ७१ साली मुळेच्या धरणात गेलं. माझे वडील, यज्ञेश्वर मास्तर, शाळेत शिकवायचे आणि शाळेच्याच कोपऱ्यात पोस्ट सांभाळायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा शिक्का तिकिटाच्या अगदी कोपऱ्यावर मारायचे, अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर. गांधीजींच्या तोंडावर शाई नको म्हणून. त्यामुळे शिक्का कुणाचा, ते मला नाव न वाचताही कळलं असतं.

गाव उठलं तेव्हा पोस्टाचं सामान जमा करायचं होतं. तराजू, थैल्या, लाल पेटी, सगळं गेलं. शिक्का गेला नाही. अण्णांनी लिहून दिलं, शिक्का पाण्यात गेला. दोनदा चौकशीला माणूस आला. आई म्हणायची, "सगळं गाव ट्रकात बसलं, कोंबड्यासुद्धा बसल्या, आणि एक शिक्काच तेवढा मागं राहिला होय?" लोक म्हणाले, मास्तरानं भंगारात विकला. शेजारचा कढीपत्तासुद्धा न विचारता न तोडणारे अण्णा. त्यांनी मान खाली घातली ती ७८ साली जाईपर्यंत वर केली नाही. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ते खरं सांगतील, याचीच भीती होती.

नव्या गावठाणात त्यांच्या खोलीचं दार दुपारी बंद असायचं आणि आतून आवाज यायचा. ठप्, ठप्. आधी शाईच्या गादीवर, मग कागदावर. आई म्हणायची, उंदीर असतील. ते गेल्यावर वीस वर्षं झाली, तरी नगरच्या माझ्या घरात भर दुपारी भांडी घासताना मला तो आवाज यायचा. नळ बंद करून ऐकलं की थांबायचा.

तर त्या दिवशी सकाळी मी इंग्लंडमधल्या एका बाईनं विकायला ठेवलेलं पाकीट उघडलं. फोटो वरून खाली उतरत होता, एकेक पट्टी, विहिरीत दोर सोडावा तसा. तिकीट दिसलं. तिकिटाच्या कोपऱ्यावर काळं वर्तुळ. अर्धं तिकिटावर, अर्धं कागदावर.

"सापडलं की!" गहिनीनाथ स्टुलावरून उठलेच. मग चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावलं. "ताई, तारीख बघा."

१२ ऑगस्ट १९७६.

त्या तारखेला उंबरवेढ्याच्या शाळेवर तीस हात पाणी होतं.

"लई टपाल छाटलं, पन असलं न्हाई पाहिलं," गहिनीनाथ हळूच म्हणाले. "शिक्का बसलेलं पत्र आमी कदी निरखत न्हाई. पुढं ढकलायचं. असंच गेलं आसंल." त्यांनी खिशातून पेन काढलं. "नोंद करू?"

"थांबा."

नोंद झाली की ती यादी छापून जिल्ह्यातल्या सगळ्या हौशी लोकांच्या घरात जाणार होती. उंबरवेढे, पोस्ट बंद ७१, शिक्का वापरात ७६. लोक अठ्ठावीस वर्षं जे कुजबुजत होते, ते पुराव्यानिशी. मी ते पाकीट घ्यायला निघाले ते मिळवायला नाही, लपवायला. एवढं मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं होतं.

दोन मिनिटं उरली तेव्हा बोली लावली आणि लाईन गेली. इंटरनेट आणि शुभांगीच्या घरचा फोन एकाच तारेवर होते.

"आई, फोन ठेव! काकूंचा लिलाव चाललाय!" शुभांगी जिन्यात ओरडली.

"कसला लिलाव? काय विकतायत त्या?"

लाईन परत येईपर्यंत लिलाव संपला होता. दोन डॉलर दहा सेंट. माझ्याशिवाय कुणीच बोली लावली नव्हती. इतकं स्वस्त मला आजवर काही मिळालं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. कॅफेतच उघडलं, घरी एकटीनं उघडायचं धाडस नव्हतं. पत्ता अण्णांच्या वळणदार इंग्रजीत, कारभारी नावाच्या माणसाचा, लिव्हरपूल. बाईनं आतलं पत्र काढलंच नव्हतं.

'चि. कारभारीस, आई झुंबरबाईचे अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. उंबराखालच्या ओट्यावर बसून मास्तरांकडून लिहून घेते आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. डोळ्याला कमी दिसतं, पण तुझं पत्र आलं की बोटानं चाचपते. तू इकडची काळजी करू नको.'

झुंबरबाई आमच्या शेजारची. तिचा एकुलता एक पोरगा पळून जाऊन जहाजावर खलाशी झाला होता, आणि तिची पत्रं अण्णाच लिहायचे. पण गाव उठल्यावर दोन महिन्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये झुंबरबाई वारली. शेवटचं पाणी मी पाजलं होतं. ७१ साली.

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा गहिनीनाथ खिडकीबाहेर बघत होते. बुडालेल्या ओट्यावर बसून मेलेली बाई पाच वर्षांनी लिहीत होती, कालवड झाली म्हणून.

मग एक गोष्ट आठवली. माझं लग्न झाल्यावर मी माहेरी गेले की अण्णा मुठीतून इंग्लंडच्या राणीची तिकिटं काढून द्यायचे. कुठून आणता, असं मी विचारलं नव्हतं. त्यावरूनच माझा हा छंद सुरू झाला. पोराची उत्तरं तालुक्याहून फिरून अण्णांकडेच येत होती.

"म्हणजे शिक्का मास्तरांकडंच हुता," गहिनीनाथ म्हणाले.

"हो. चोरलाच त्यांनी."

शब्द तोंडातून गेला. वाटलं होतं तेवढा जड नव्हता.

तोंड न उघडण्याचा नियम मी त्या दिवशी मोडला. विकणाऱ्या बाईला लिहिलं, हे पाकीट तुमच्याकडे कसं? आठ दिवसांनी उत्तर आलं. शुभांगीनं सोपं करून सांगितलं. बाई कारभारीची बायको. कारभारी हॉस्पिटलात आहे, छातीत पाणी झालंय. मराठी वाचणारं घरात कुणी नाही, म्हणून पाकिटं विकायला त्यानंच सांगितलं. आता तो पुन्हा पुन्हा एकच विचारतो. ७८ सालच्या पावसाळ्यानंतर आईचं पत्र आलं नाही. का? तिथं कुणाला ठाऊक असेल का?

"काकू, यांना काय लिहायचं?"

"खरं लिवा," गहिनीनाथ म्हणाले. मग थोड्या वेळानं, "न्हाईतर तुमचं तुमी बघा."

खरं म्हणजे काय? तुझी आई ७१ सालीच गेली, त्यानंतरची सात वर्षं तुला दुसरंच कुणी मुला म्हणत होतं, हे? आणि हे हॉस्पिटलातल्या खाटेवर?

मी सांगत गेले, शुभांगी टाइप करत गेली. तुमच्या आई १९ ऑगस्ट १९७८ ला सकाळी गेल्या. दोन दिवस ताप होता. पेज मागितली, दोन चमचे घेतली आणि भिंतीकडे कूस बदलली. त्रास झाला नाही. शेवटच्या दिवसापर्यंत तुमचीच आठवण काढत होत्या.

"तुमच्या ओळखीच्या होत्या?" शुभांगीनं विचारलं.

"मी उशाशीच होते."

तारीख खरी होती. पेज खरी होती, कूस खरी होती. फक्त मरण अण्णांचं होतं.

गहिनीनाथांनी पेनाला टोपण लावलं.

"काकू, खाली अजून एक ओळ आहे," शुभांगी म्हणाली. "विचारतात, गावातलं पोस्ट अजून आहे का? त्यांनी पत्र पाठवलं तर पोचेल का?"

"लिही, चालू आहे. मास्तर नवे आलेत. पत्र पोचेल."

खाली पत्ता माझ्या घरचा दिला.