एका घोटाची विहीर

चावडीसमोर सगळं गाव गोळा झालं होतं. मेंढरं पटापट मरत होती. धुनीवाल्या बाबाने सांगितलं होतं, करणी करणारी बाई गावातच आहे, तिचा तळहातच बोलेल. बायका हळद माखलेले हात पुढे करून ओळीत उभ्या होत्या. आमच्याकडे गुरांचा डॉक्टर वेळेवर सापडत नाही, बाबा मात्र बरोबर सापडतो.

बाबा एकेकीच्या हातावर तांब्यातलं पाणी शिंपडत गेला. साखराबाईंपाशी आला आणि त्यांचा पिवळा तळहात रक्तासारखा लाल झाला. गर्दी मागे सरली.

"हाताची आग व्हायली," साखराबाई म्हणाल्या.

"ती न्हाई, तिच्या आतली बोलून राह्यली," बाबा म्हणाला. "आता हेच तीर्थ तिनं प्यायचं. निर्दोष असंल तर गोड लागंल. घसा जळला, तर समजा."

काय समजायचं ते काठ्या घेतलेल्या पोरांना कळलं होतं. साखराबाई एकट्या राहतात. मागच्याच बाजारी त्यांनी बाबाला तोंडावर सुनावलं होतं, की धुनी विझवा आणि अंबडहून डॉक्टर आणा.

पुंजारामची लेक आकांक्षा पुढे आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने आधी साखराबाईंच्या हातावर घागरभर पाणी ओतलं. तळहात पुन्हा पिवळा झाला.

"याच्याकडं दोन तांबे आहेत," ती म्हणाली. "एकात साधं पाणी. दुसऱ्यात यानं मूठभर पांढऱ्या पापड्या टाकल्या, मी बघितलं. तांब्याला हात लावा, चुलीविना कोमट झालाय. कॉस्टिक सोडा आहे तो. हळद त्यानं लाल होते."

सरपंच राधाकिसन तडजोडीचा माणूस. "मंग असं करू, ताकात घालतो तसं दहापट पाणी घालू अन् एकच घोट देऊ. बाबाचाबी मान राह्यतो, बाईलाबी तरास न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. मला बाबापेक्षा त्या मानांची जास्त भीती वाटली.

आकांक्षाने कोळशाने फरशीवर आकडे मांडले. "काका, हे ताक न्हाई. सोडा जेवढा टाकला तेवढा सगळा कामाला लागतो. लिटरला चाळीस ग्रॅम धरला तर सामू, म्हणजे पीएच, चौदा. साध्या पाण्याचा सात. दहापट पातळ केलं की एकच आकडा उतरतो, तेरा. शंभरपट केलं तर बारा. आठावर यायला या लिटरभराच्या एका तांब्याला दहा लाख लिटर पाणी लागंल, म्हणजे भरलेली विहीर. तेरावाला घोटबी घसा जाळतो."

"आकड्यांनी कुठं देव मोजतेत का?" बाबा हसला.

आकांक्षा अप्पारावांकडे वळली. त्यांचा जन्म घोंगड्या विणण्यात गेला. "अप्पा, लोकर पाण्यात उकळली तर विरघळते का?"

"बिलकुल न्हाई."

तिने त्यांच्या घोंगडीची चिमूटभर लोकर त्या तांब्यात टाकून तो धुनीवर ठेवला. पाणी खदखदू लागलं. थोड्या वेळाने अप्पारावांनी काडी फिरवली. वर काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवली, मग काडी खाली ठेवून साखराबाईंकडे पाहिलं.

"उकळलं म्हणून लवकर झालं," आकांक्षा म्हणाली. "घसा तर लोकरीपेक्षा नाजूक."

अप्पारावांनी साध्या पाण्याचा तांब्या भरला, बाबाच्याच झोळीतल्या मूठभर पापड्या टाकल्या आणि बाबापुढे धरला. "घ्या, गोड लागंल." बाबा चपला शोधू लागला. पोलीस येईपर्यंत त्याच काठ्यावाल्या पोरांनी त्याला बसवून ठेवलं.

मेंढरांना डॉक्टरने सुया टोचल्या. साखराबाईंच्या तळहातावर आलेला फोड उशिरा भरला. सगळ्यांना सामू काढता यावा असं मी म्हणत नाही. पण कुणी तीर्थ पुढे केलं, तर आत काय आहे आणि किती आहे, एवढं तरी विचारा. राधाकिसन अजून म्हणतो, एका घोटानं काय झालं असतं. मी त्याला विहिरीच्या काठावर नेतो आणि म्हणतो, आत बघ.