दोनशेव्या अंकातला फुगा

"पाव इंच," वामन पोंक्ष्यांनी पानावर पट्टी ठेवून दाखवली. "गोटीरामशेठ, पाव इंचात माझं नाव कसं बसवू?"

"बारीक लिवा. अख्खा जनम बारीकच लिवलाव ना तुमी."

ते खरं होतं. पावणे गावातल्या शेठच्या या छापखान्यात वामनराव एकोणीस वर्षं 'डरकू हवालदार' या चित्रकथेतले संवादांचे फुगे भरत होते. चित्रं दिल्लीहून यायची, फुगे रिकामे. सोबत भाषांतराचा कागद. भाषांतरकार एमए असल्यामुळे त्यांचं एकही वाक्य फुग्यात मावत नसे. वामनराव ते कापत, पिळत आणि शेवटी कंटाळून आपल्या मनचं घालत. नाव भाषांतरकारांचं छापलं जाई.

डरकू हा बेडूक. एकोणीस वर्षांत त्याला ना बढती मिळाली, ना चोर, ना मापाची टोपी. केबल आली, सेक्टरासेक्टरांत व्हिडिओ गेम आले, तरी वाशीच्या स्टॉलवर डरकू दुपारपर्यंत संपायचा. वामनरावांची मनाली बारावीत होती. बापाशी दिवसाला चार शब्द बोलायची आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात डरकू ठेवून एकटीच हसायची. एकदा वामनरावांनी विषय काढून पाहिला होता. ती म्हणाली, "पण बाबा, तुम्ही नुसतं गिरवता ना?"

त्यानंतर वर्षभर शेठच्या मागे लागून त्यांनी दोनशेव्या अंकासाठी कबूल करून घेतलं होतं: 'शब्द व अक्षरे : वामन पोंक्षे.' शेवटच्या चित्राखाली, पूर्ण एक इंच. मग त्या इंचात कोचिंग क्लासची जाहिरात शिरली. उरला तो पाव इंच.

वामनरावांनी दात आवळून नाव पेन्सिलीने बारीक बसवलं. मग वरचा फुगा घेतला. चोर निसटलाय, डरकू साहेबांपुढे उभा. कागदावर होतं, 'महोदय, तस्कराच्या पलायनाबद्दल मी दिलगीर आहे.' वामनरावांनी लिहिलं, 'साहेब, चोर गेला.' फुगा भरला.

शेठनी वाचलं. जाहिरातीचे हिशेब विसरून डरकू वाचत बसणारा हा माणूस आज हसला नाही.

"यान काय हाय? डरकू असा नाय बोलत."

ते वामनरावांनाही कळत होतं. त्यापुढची ओळ सकाळपासून डोक्यात बसली होती आणि जात नव्हती. ती घालायची तर फुगा खाली ओढायला हवा, बरोबर पाव इंच. त्यांनी त्या बेडकाला मनातल्या मनात एक शिवी दिली. सगळ्या जगाला जागा करून द्यायची ती आपणच. चहा आला, निवला. मग त्यांनी खोडरबर घेतला.

शाईने पक्कं केलेलं पान पाहून शेठ पोट हलवत हसले. "आन् नाव?"

"जागा नव्हती," निब धूत वामनराव म्हणाले.

गुरुवारी अंक घरी आला. मनाली शेवटच्या पानापर्यंत पोचली आणि हसता हसता पुस्तक घेऊन बाहेर आली.

"बाबा, हे ऐका ना. 'साहेब, चोर गेला. पण जाताना मला विचारून गेला.' कसलं लिहितो हा माणूस!"

वामनरावांनी नीट ऐकून घेतलं, आणि जिथे हसायचं तिथे हसले.