नुसतं धरायचं

"अवो, जीप यायची वेळ झाली," मथुराबाई दारातूनच म्हणाली. "आता तरी निघा त्या गाडीखालून."

गाडीखालून पाना कशावर तरी आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग राजपालचं पुटपुटणं. लोहाऱ्यातल्या त्या अंगणात जुनी पांढरी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली, बॉनेट उघडं. बॉनेटच्या दोन्ही कडांना पोत्याच्या घड्या देऊन त्यांवर जाड लोखंडी पाईप आडवा टाकला होता आणि त्या पाईपला साखळीनं सबंध इंजिन टांगलं होतं.

राजपाल गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर. उभा जन्म मोटारीच्या घरघरीत गेलेला. रात्री पंपघरात झोपायचा, आणि मोटार बंद पडली की त्या शांततेनंच दचकून उठायचा. आवाजात जरा फरक पडला की या माणसाला चैन पडत नसे. त्यामुळं परवा गाडीच्या पुढच्या चाकातून खट्ट झालं, तेव्हाच मथुराबाईनं कपाळाला हात लावला होता.

बिरू मेकॅनिकनं वाकून बघितलं आणि सांगितलं, चाक धरणाऱ्या आर्मचा रबरी बुश गेलाय. आर्म काढायचा तर खालची आडवी चौकट उतरवावी लागेल, आणि इंजिनाचा मागचा पाय त्या चौकटीवरच बसतो, म्हणून इंजिन आधी वरून धरावं लागेल. सोमवारी आणा, करून देतो. पण लेकीला, पौर्णिमाला, नंदुरबारकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हजर व्हायचं होतं ते त्याच्या आधीच. बिरू आणखी एक म्हणाला होता, की सावकाश चालवली तर गाडी एवढ्यात काही अडायची नाही, आल्यावर करू. हे मात्र राजपालनं घरी सांगितलंच नाही.

पोरीला आपण स्वतः नेऊन सोडायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. ती राहणार ती खोली बघायची, दाराची कडी ओढून बघायची, नळाला पाणी येतं का बघायचं. ती शिकायला सोलापूरला निघाली त्या दिवशी मोटार जळाली आणि गाव पाण्यावाचून बसलं. तिला मामानं पोचवलं. तिच्या नर्सिंगच्या शपथविधीच्या दिवशी विहिरीतला पंप वर काढलेला, साखळीला लोंबकळत होता. दरवेळी काहीतरी असं टांगलेलं असायचं आणि ते सोडून निघणं त्याला जमायचं नाही. ही गाडी त्यानं घेतली ती खरं तर या एका प्रवासासाठी.

काल दुपारी त्यानं कामाला हात घातला. पंप वर काढणं हा तर त्याच्या हातचा मळ. विहिरीवरचाच पाईप, विहिरीवरचीच साखळी, वर आटे पाडलेला लांब हूक. साखळी चांगली ताणून नट आवळला, चौकट खाली उतरवली, नवा बुश बसवला. इथपर्यंत सगळं झकास. पण आज पहाटेपासून चौकट परत चढवताना चौकटीचं भोक आणि इंजिनाच्या पायाचं भोक काही केल्या जुळेना. बोटाच्या पेराएवढा फरक. त्यानं पहारीनं रेटून बघितलं, खालून जॅक लावून बघितला, बायकोवर खेकसला, गाडी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तासाभरात निघू, तासाभरात निघू, म्हणता म्हणता दुपार कलली. ठेवलेल्या चहावर साय धरली.

"खरं सांगा," मथुराबाई गाडीजवळ येऊन म्हणाली, "पोरीला धाडायचंच न्हाय न्हवं तुमच्या मनात?"

त्याला भयंकर राग आला. मग त्यात थोडं खरं असावं असं वाटलं, म्हणून आणखीच राग आला. पण गाडीखाली पडून माणूस रागावणार तरी कुणावर.

पौर्णिमानं तोवर कल्याणप्पाच्या जीपला फोन लावला होता. धाराशिवपर्यंत जीपनं जायचं, तिथून संध्याकाळची बस. बॅग ओट्यावर आणून ठेवून ती अंगणात आली आणि साखळीकडं बघत उभी राहिली.

"पप्पा, हे एवढं ताणून का धरलंय?"

"ताणायलाच लागतंय. ढिलं पडलं तर बसंल की खाली."

"पंप वर काढायचा असतो. हे तर हितंच ऱ्हायचंय." मग ती वॉर्डातलं सांगू लागली. मोडलेल्या पायाला प्लास्टर घालताना पाय धरायला नवी पोरगी दिली की ती भीतीनं तो उचलूनच धरते, आणि हाड जागचं हलतं. "नुसतं धरायचं असतंय, पप्पा. हाय त्या जागी."

ढिली साखळी म्हणजे घात, हे राजपालच्या हातांना एवढं पक्कं ठाऊक होतं, की ती सैल करायचं त्याच्या डोक्यात सकाळपासून एकदाही आलं नव्हतं.

"दे दोन आटे सैल," तो शेवटी म्हणाला. "सावकाश."

तिनं वरच्या नटाला पाना लावला. इंजिन कुरकुर न करता इवलंसं खाली आलं. राजपालनं चौकटीची एक बाजू जॅकवर दिली, दुसरी तळहातानं उचलून धरली आणि दुसऱ्या हातानं बोल्ट आत सारला. बोल्ट आट्यात धरला. अजून पक्का नव्हता, पण धरला.

तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला.

अजून दुसरी बाजू होती, आर्म होता, चाकं होती; दिवस मावळेपर्यंतचं काम. आणि हात काढला तर चौकट पुन्हा खाली येणार. थांब जरा, झालंच, हे शब्द त्याच्या ओठांवर आले. सकाळपासून तो हेच म्हणत होता. तिच्या जन्मापासून म्हणत होता. त्यानं ते गिळले.

"जा," तो म्हणाला. "बस चुकवू नको."

गाडीखालून त्याला फक्त अंगणाची पट्टी दिसत होती. तिच्या नव्या चपला ओट्याशी उतरल्या, अनवाणी पावलं घरात गेली. बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी असणार. पावलं परत आली, चपला चढल्या आणि त्या गाडीच्या दिशेनं येऊन दिसेनाशा झाल्या. मग त्याच्या उघड्या पायांवर तिचे दोन्ही हात टेकले. त्याला पाय आखडता येईना, उठता येईना. हात जरा वेळ तसेच राहिले.

"पोचले की फोन करते."

"दाराची कडी बघून घे," तो म्हणाला.

"बघते."

जीप निघाली. कोपऱ्यावर गियर बदलला तो आवाज त्यानं ऐकला, पुढं पारापाशी जरा मंदावली तेही ऐकलं. मग काही ऐकू येईना. त्यानं बोल्ट आवळला.

बऱ्याच वेळानं तो सरपटत बाहेर आला. पाठ टेकून बसला आणि त्याची नजर स्वतःच्या पायांवर गेली. घोट्यापासून बोटांपर्यंत काळं ऑईल माखलेलं होतं.

"अगं, तिच्या हाताला लागलं असंल की हे सगळं. वाटंत भाकर खाईल. हात धुतले का तिनं?"

मथुराबाई उंबऱ्यात बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता.

"म्या तांब्या घिऊन जिपीपातूर पळाले," ती म्हणाली. "न्हाय धुतले. ऱ्हाऊ दे म्हणली."