निळ्या बरणीतल्या जर्दाळूच्या बिया

मस्तुराचा जळफळाट सुरू झाला तो निळ्या बरणीवरून. इस्तालिफच्या कुंभाराकडून आणलेली, उचलायला दोन माणसं लागावीत अशी ती बरणी. नवरोजचा, म्हणजे नव्या वर्षाचा, सात जिनसांचा हफ्तमेवा तिच्यात भिजवायचा मान गेली अकरा वर्षं मस्तुराचा होता. लग्न होऊन चारीकारला आली त्याच वसंतात सासूनं, बीबीजाननं, बरणी तिच्यापुढे ठेवून म्हटलं होतं, "घे, आता तुझा हात." त्या हाताला चव आहे, असं अख्खी गल्ली म्हणायची. आणि यंदा बीबीजाननं तीच बरणी धाकटीपुढे ठेवली.

धाकटी म्हणजे नाजदाना. दिरानं पाचसहा महिन्यांपूर्वी काबूलहून लग्न करून आणलेली, सुईणीचं शिक्षण घेतलेली. बोलणं मऊ, नखं कायम कापलेली, आणि दिवसातून दहादा साबणानं हात धुवायची खोड.

"यंदा हिचा हात बघू," बीबीजान म्हणाली. "तू जरा विसावा घे, मस्तुराजान. कंबर दुखते म्हणत होतीस ना?"

थंडीत एकदा, फक्त एकदा, ती कंबर दुखते म्हणाली होती. त्या वेळी जीभ का झडली नाही, असं तिला झालं. "दुखते कसली, केव्हाच बरी झाली," ती म्हणाली, पण तोवर बीबीजान धाकटीला अक्रोडाचं पोतं दाखवायला निघूनही गेली होती.

मग सुरू झाली बाईसाहेबांची काबूली तऱ्हा. आधी पाणी उकळून निववलं. अक्रोड एका भांड्यात, बदाम दुसऱ्यात, पिस्ते तिसऱ्यात. मस्तुरा आजवर सगळा मेवा एकाच भांड्यात भिजवून मग बरणीत ओतत आली होती, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"पाणी काय उकळायचं असतं?" ती कणीक मळता मळता म्हणाली. "नाल्याचं पाणी पिऊन हाजीमामा ऐंशीचे झाले."

"ते झाले, आपा," नाजदाना हसून म्हणाली. "जे झाले नाहीत ते काही सांगायला येत नाहीत."

अक्रोडांचं पहिलं तपकिरी पाणी तिनं सरळ मोरीत ओतलं, तेव्हा मस्तुराला राहवलं नाही. "सगळा कस घालवलास की."

"कस नाही हो, तुरटपणा. शिवाय सालीत धूळ असते, कधी बुरशी असते. हे पाणी पोटात नको."

हेही मस्तुरानं गिळलं असतं. पण दुपारी अक्रोड सोलायला बीबीजान स्वतः धाकटीशेजारी बसली. दोघींच्या मध्ये परात, आणि कुठल्याशा गोष्टीवर दोघी खुदुखुदू हसताहेत. अकरा वर्षं मस्तुरानं एकटीनं अक्रोड सोलले होते. बोटं काळी पडायची, नखं दुखायची, आणि बीबीजान दारातून फक्त विचारायची, "झालं का?" आज तिला बसायला वेळ सापडला होता. मस्तुराच्या छातीत नुसती आग आग झाली.

तेवढ्यात नाजदाना कोठीत गेली आणि एक थैली घेऊन बाहेर आली. "आपा, जर्दाळूच्या बिया ह्याच ना?"

मस्तुरानं मान वर करून पाहिलं. थैली खुंटीवरची होती. त्या घरात अंगणातल्या झाडाच्या गोड बिया फळीवर असत. नाल्याकाठच्या झाडाच्या कडू बिया खुंटीवर, बीबीजानच्या गुडघ्यांच्या तेलासाठी. दोन वर्षांमागे शेजारच्यांच्या कोकरानं त्या कडू बिया खाल्ल्या होत्या आणि ते संध्याकाळपर्यंत ताठ झालं होतं. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, नव्या सुनेला सोडून.

"त्या नकोत" हे शब्द मस्तुराच्या अगदी ओठांवर आले होते. पण बाहेरून बीबीजानची हाक आली, "ये गं नाजदाना, तू नसलीस की मला करमत नाही."

"ह्याच," मस्तुरा म्हणाली, आणि पुन्हा कणकेत मुठी रोवल्या.

मनाशी तिनं हिशेब लावला तो असा: मेवा कडू लागेल, पाहुणे थुंकतील, धाकटीचं नाक कापलं जाईल आणि बरणी परत आपल्याकडे येईल. घासभर खाऊन काही कुणी मरत नाही.

संध्याकाळी लाल, हिरवे बेदाणे आणि बोरासारखे संजद धुऊन सगळं बरणीत गेलं. बीबीजाननं तोंडावर पांढरं कापड बांधून तीन गाठी मारल्या. त्या घरचा दंडक असा, की ह्या गाठी नवरोजच्या सकाळी सोडायच्या, आणि त्या बीबीजाननंच. मधे कुणी डोकावलं तर बरकत जाते. मस्तुरानं आपल्या काळात मधेच गाठ सोडायची कधी छाती केली नव्हती. बरणी थंड तळघरात गेली.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी हाजीमामांचा निरोप आला. हे बीबीजानचे थोरले भाऊ. नवरोजचा पहिला वाडगा दरवर्षी त्यांचा. निरोप असा होता, की यंदा माझ्या वाडग्यात जर्दाळूच्या बिया दुप्पट घाला, मागच्या वर्षी कंजूषपणा केलात.

मस्तुरा आपला हिशेब पुन्हा मांडू लागली. हाजीमामांच्या तोंडात चार दात, तेही एकमेकांसमोर नाहीत. बिया ते चावत नसत, चमचाच्या चमचा गिळून टाकत. कडू आहे हे जिभेला कळायच्या आत मूठभर पोटात गेलेल्या असणार. अकरा वर्षं दर नवरोजला त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "पोरी, तुझ्या हातच्या ह्या वाडग्यासाठी वर्ष काढतो."

सांगून टाकावं म्हणून ती उठली. बीबीजान अंगणात शेजारणींना सांगत होती, "धाकटीचं काम काय स्वच्छ म्हणून सांगू! तसं काम ह्या घरात कधी झालंच नाही." मस्तुरा तशीच मागे फिरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उठली, पुन्हा बसली. सांगायचं तर 'ह्याच' कोण म्हणालं, हेही सांगायला हवं होतं.

नवरोजच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलं. बीबीजाननं गाठी सोडल्या. पाण्याला मधाचा रंग आला होता, अक्रोड पांढरेशुभ्र दिसत होते, आंबल्याचा वास नावालाही नव्हता. शेजारणी वाहवा करू लागल्या. पहिला वाडगा भरला, वर दोन पळ्या जास्तीच्या बिया पडल्या, आणि हाजीमामांनी चमचा भरून तोंडाकडे नेला.

मस्तुरानं झेप घेऊन त्यांच्या हाताला फटका मारला. चमचा गालिच्यावर जाऊन पडला.

"खाऊ नका, मामा. बिया कडू आहेत. खुंटीवरच्या आहेत."

मागून एक शेजारीण हळूच म्हणाली, "बाई, इतकं जळावं का माणसानं?"

बीबीजाननं वाडग्यातली एक बी उचलली आणि चावली. मग दुसरी चावली. "गोड आहे," ती म्हणाली. मग तिनं मस्तुराकडे पाहिलं. "कापड मी आत्ता सोडलं. आत कुठल्या बिया आहेत, हे तुला कुणी सांगितलं?"

मस्तुराची नजर नाजदानावर गेली. नाजदाना तिच्याचकडे बघत होती, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं.

"चूक माझी आहे, बीबीजान," नाजदाना म्हणाली. "मी खुंटीवरची थैली घेतली होती. आपाच म्हणाल्या, त्या कडू आहेत, बदल. मी बदलल्या आणि त्यांना सांगायचं विसरले. बिचाऱ्या तीन दिवस काळजी करत राहिल्या."

"हे माझ्या थोरलीचं काळीज," बीबीजान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि मस्तुराचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो हात आपल्यावरून कधी फिरेल म्हणून मस्तुरानं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आता तो चटके देत होता.

"काळीज राहू द्या," हाजीमामा म्हणाले. "माझा चमचा शोधा."

पाहुणे पांगल्यावर दोघी तळघराच्या पायरीवर बरणी घासायला बसल्या.

"तुला कधी कळलं?" शेवटी मस्तुरानं विचारलं.

"भिजवायच्या आधीच. बी कुठलीही असो, एक तरी चावून बघायची, असं माझी आई सांगते. चावली, थुंकली आणि फळीवरच्या घेतल्या."

"मग मला बोलली का नाहीस?"

"कणकेच्या गडबडीत तुमचं लक्ष नसेल, असं वाटलं." नाजदानानं बरणीत पाणी ओतलं. "आज सकाळपर्यंत तसंच वाटत होतं."

मस्तुराला रडू यायला हवं होतं. आला तो हेवाच, पहिल्याहून जास्त. बरणीचा हेवा परवडला असता. ही पोर चार माणसांत तिचं पाप झाकून गेली होती. त्या जागी आपण असतो तर झाकलं नसतं, हे मस्तुराला पक्कं ठाऊक होतं.

"पुढल्या वर्षी बरणी तुम्हीच भरा, आपा," नाजदाना हात पुसत उठली. "बीबीजानना मी सांगेन. बिया तेवढ्या मी चावून बघत जाईन."

ती जिना चढून गेली, आणि मस्तुरा एकटीच बरणी घासत बसली.