गुरुवारची संध्याकाळ

थिओडोराला बोलता येतं, हे मला कुणी सांगायला नको. तीन वर्षं ऐकतेय. स्कूल बस चालवणारी बाई, आमच्यात आली काय, आणि सगळ्यांची लाडकी झाली काय! तिने आमच्या मूक प्रार्थनेत उठून चार वाक्यं बोलावीत, की माणसं आठवडाभर तीच घोळवत बसतात. मी बोलले तर म्हणतात, "व्हर्ना, खिडकी जरा उघडतेस का?"

दर जुलैत ओहायोतल्या एका कॉलेजात आमच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा मेळावा भरतो. चारेकशे माणसं येतात. दिवसा वर्ग आणि चर्चा असतात, पण लोक वाट बघतात ती संध्याकाळच्या कार्यक्रमांची. सोमवारी गाणी, मंगळवारी नाटुकली, बुधवारी पोरांचा गोंधळ. गुरुवारी मात्र एकच माणूस मंचावर उभा राहून आपल्या आयुष्याबद्दल तासभर बोलतो. एकोणीस वर्षं मी त्या कार्यक्रमांच्या समितीवर आहे. खुर्च्या, माईक, बोलणाऱ्याच्या पाण्याचा पेला, सगळं मी बघते. आणि एकोणीस वर्षं मला तो गुरुवार हवा आहे. काय बोलायचं तेही ठरलेलं आहे. पण आमच्यात गुरुवार मागायचा नसतो. दुसऱ्या कुणीतरी आपलं नाव घ्यावं लागतं, आणि माझं कुणी घेत नव्हतं.

यंदा बुधवारी दुपारी निरोप आला, की उद्याचा वक्ता जिन्यावरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. समिती जेवणघरामागच्या खोलीत बसली. आम्ही चौघं: समिती चालवणारा ऐंशी वर्षांचा माहलन, ग्लेनिस, ऑर्वल, आणि मी. आमच्यात साहेब नाही, बाई नाही. ऐंशीचा असला तरी माहलन माहलनच. मी खाली मान घालून वाट बघत होते. आता तरी कुणाला सुचेल.

"थिओ," ग्लेनिस म्हणाली.

"अगदी माझ्या मनातलं बोललीस," ऑर्वल म्हणाला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. येऊन तीन वर्षं होतात न होतात तोवर गुरुवार!

आमच्यात मतदान नसतं. सगळ्यांचा आतून होकार यावा लागतो. एकाला जरी अडलं तरी सगळे थांबतात, कारण न जाणो, देव त्या एकाच्याच तोंडून बोलत असेल. माहलनने माझ्याकडे पाहिलं.

"माझा आतून होकार येत नाही," मी म्हणाले.

कुणी कारण विचारलं नाही. तिघांनी डोळे मिटले आणि माझ्या पोटदुखीचा मान राखून पाच मिनिटं गप्प बसले. तेवढ्यात मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

"बरं," शेवटी माहलन म्हणाला. "मग तू बोलशील का, व्हर्ना?"

एकोणीस वर्षांनी! आणि माझ्या तोंडून काय निघावं? "छे, छे, मी कशाला!"

माझ्या शेजारणीने असं म्हटलं असतं तर मी तिला तीनदा आग्रह केला असता. पण क्वेकर माणसाचं नाही म्हणजे नाही. माहलनने मान डोलावली आणि लिहून घेतलं: गुरुवारी वक्ता नाही, सगळ्यांनी मिळून शांत बसायचं.

सभा उठली. मी खुर्चीतच बसून राहिले. स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटत होती.

संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या पायरीवर रात्रीच्या जेवणासाठी मक्याची कणसं सोलत होते. थिओ माझ्याजवळ येऊन बसली आणि एक कणीस उचललं.

"माझं नाव निघालं होतं म्हणे. आणि कुणाला तरी अडलं."

"हं."

"मी अजून कच्ची आहे का, व्हर्ना? तू समितीत आहेस म्हणून विचारते. खरं सांग. कधी गुरुवार मिळाला तर काय बोलायचं, ते काल तिसऱ्यांदा जुळवलं मी, मनातल्या मनात. मलाच कळत नाही."

आता आमची आणखी एक अडचण म्हणजे आम्ही खोटं बोलत नाही. गप्प बसता येतं, आणि मी बसले. तीन कणसं सोलली. ती वाट बघत होती. कच्ची आहे असं समजून ही बाई आयुष्यभर गप्प बसली असती, आणि ते पाप माझ्या डोक्यावर.

"कच्ची नाहीस," मी म्हणाले. "पण मला जरा वेळ दे."

रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी न्याहारी सोडून माहलनला गाठलं. तो झाडाखाली बूट साफ करत होता.

"काल मला अडलं ते आतून नव्हतं," मी म्हणाले. "जळफळाट होता नुसता. मला तिचा हेवा वाटतो."

"वाटलंच होतं मला."

"मग ऐकलंस कशाला?"

"तू म्हणालीस म्हणून. कुणाचा नकार खरा आणि कुणाचा खोटा, हे मी ठरवायला लागलो, तर संपलंच सगळं." त्याने दुसरा बूट उचलला. "आता अडलेलं सुटलं, तर गुरुवार तिचा. तिला तूच सांग. सगळं सांग."

मी सांगितलं. थिओचा चेहरा पांढरा पडला. ती निघून गेली. पण संध्याकाळी सातला ती मंचावर होती, आणि बोलली. काय बोलली! बसमधल्या एका मुक्या मुलीबद्दल, स्वतःच्या दारुड्या बापाबद्दल. आमच्यात टाळ्या नसतात. ती थांबल्यावर चारशे माणसं श्वास रोखून बसली. त्या शांततेत मी पाण्याच्या पेल्याकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर माझा जीव अजूनही जळत होता. कबुली दिली म्हणून हेवा जात नाही.

शुक्रवारी सकाळी पुढच्या वर्षीची समिती बसली. गुरुवारचा वक्ता पुढच्या वर्षी समितीत येतो, तसा आमचा रिवाज आहे. थिओ माझ्यासमोर बसली होती.

"पुढचा गुरुवार?" माहलनने विचारलं.

कुणी कुणाचं नाव घ्यायच्या आत मी तोंड उघडलं. "मला हवाय. एकोणीस वर्षं हवाय."

ग्लेनिस दचकली. ऑर्वलने चष्मा काढला. असं मागणं आमच्यात कुणी केलेलं नव्हतं. पण माहलन शांत होता. "होकार आहे का सगळ्यांचा?"

ग्लेनिसने मान डोलावली. ऑर्वलनेही. थिओ डोळे मिटून बसली होती. खूप वेळ. मला तिच्या मनातलं काहीच कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

"आत्ता माझ्याकडून होकार येत नाही," ती म्हणाली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "पण ते आतून नाही. रागाने येतंय. तिने मला फार दुखावलंय. जेवणापर्यंत थांबा माझ्यासाठी, राग उतरला की सांगते."

आम्ही थांबलो. जे ओठांवर आणायला मला अख्खी रात्र लागली होती, आणि तेही झाडाखाली, एकट्या माहलनपुढे, ते तिने चारचौघांत एका दमात सांगून टाकलं. मला तिचा पुन्हा हेवा वाटला.