सराईत हात

पाहणीची बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी आक्कानं पोरीच्या आईला बजावलं, "उद्या घर आवरायचं नाही. केस विंचरायचे नाहीत. आणि बाई आली की रडायचं."

"मला असं ठरवून रडता येत नाही, आक्का."

"मग कांदा घे जवळ. हे बघ, माझ्या पोटावर पाय येईल म्हणून सांगतेय असं समजू नकोस." आक्का चपलेत पाय घालून वळली. "नाही, समज. तसंच आहे. पण तुझ्याही येईल."

आक्का रोज दहा ते दोन यायची. सरकारी कार्यालयानंच तिला मदतीला नेमून दिलं होतं, कारण घरातल्या सात वर्षांच्या पोरीला गिळता येत नव्हतं. ही मदत चालू ठेवायची की नाही, ते दरवर्षी पाहणी करून ठरायचं. पोरीच्या डाव्या बरगडीखाली पोटाला एक भोक, त्यात कोटाच्या बटणाएवढं रबरी बटण. त्याला नळी जोडायची, नळीला मोठी पिचकारी लावायची आणि ती हातात उंच धरून पातळ जेवण हळूहळू आत सोडायचं. दिवसातून सहा वेळा. घाई केली की उलटी, उलटी झाली की ती छातीत, छातीत गेली की दवाखाना. पोर मात्र उशांना टेकून असा थाट करायची, नुसत्या भुवईवर दोन बायका नाचवायची, की तिचं नावच बाईसाहेब पडलं होतं.

त्या चार तासांत आई चष्म्याच्या दुकानात जायची. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू पिळायचे. तिथं कुणी मान वाकडी करून "कशी आहे हो पोर?" असं विचारत नसे. दुकानदार काका फक्त ओरडायचे, "बाई, डावी काच तिरकी बसलीय!" आणि ते ओरडणं तिला टॉनिकसारखं लागू पडायचं. तिथला चहा ती गरम प्यायची. नवरा मालट्रकवर, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. म्हणजे आक्का गेली की दुकान गेलं, इतका सरळ हिशेब होता.

घर आवरायचं नाही, असं ठरवून ती सहाला उठली. पण पिचकाऱ्या उकळून घेतल्याच, घाण राहिली की पोरीच्या पोटात जाते. उकळल्या म्हणून स्वच्छ फडक्यावर ओळीनं मांडल्या. मग फडक्याखालचं टेबल पुसलं. नाटक करायचंय हे डोक्याला माहीत होतं, बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुद्दाम खुर्चीवर टाकलेला कपड्यांचा ढीगही तिनं साडेनऊला घडी करून ठेवून दिला. केस तेवढे विंचरले नाहीत.

आक्का आली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "वा! आता दारात पायपुसणं नवं घाल, म्हणजे झालं."

पाहणीची बाई साडेदहाला आली. जिना चढून दमलेली, चेहऱ्यानं भली. तिनं पाणी मागून घेतलं, फाईल उघडली. किती वेळा देता? किती मिली? रात्री कोण उठतं? आई सगळं नेमकं सांगत गेली. आक्कानं मागून डोळे वटारले, तेव्हा तिला आठवण झाली. "फार ओढाताण होते हो," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता घसा खरंच दाटून आला. कांद्याशिवाय जमतंय असं वाटलं.

तेवढ्यात बाईसाहेबांना पाहुणीच्या गळ्यातली माळ आवडली. आनंदानं त्यांनी हात झाडले, जेवणासाठी जोडलेली नळी बोटांत अडकली आणि पोटावरचं बटण उपटून बाहेर आलं. आतून ते धरून ठेवणारा फुगा फुटला होता. दुधासारखं जेवण भळाभळा फ्रॉकवर आलं. पोर किंचाळली.

पाहणीची बाई उभीच राहिली. "अगं बाई! आता?"

बटण बसवायला आक्कालाही यायचं. पण ती जागची हलली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली आणि आईकडे टक लावून पाहू लागली. आईला सगळं कळलं. एवढंच म्हणायचं होतं की मला जमत नाही, दवाखान्याची गाडी बोलवा. गाडी आली असती, पाहणीच्या बाईनं ते डोळ्यांनी पाहिलं असतं, आणि पुढच्या वर्षाचे चार तास कुठे जात नव्हते.

पण ते भोक मिटायला लागतं. घड्याळ लावल्यासारखं. तास-दोन तास गेले की पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घेऊन कापावं लागतं. मागच्या खेपेला शीर सापडेपर्यंत पोरीच्या हाताला सात टोचण्या झाल्या होत्या. आईनं त्या मोजल्या होत्या.

तिनं पोरीला सपाट निजवलं. खणातून नवं बटण काढलं, फुगा तपासला, टोकाला जेली लावली. पण रडताना पोट आवळून दगड होतं, काही आत जात नाही. मग तिनं नेहमीचंच केलं. तोंड वेडंवाकडं करून, मान मागे टाकून मोठ्ठी शिंक दिली.

"आ... आ... आक् छीं!"

बाईसाहेब रडता रडता थांबल्या. दुसऱ्या शिंकेला हसल्या. हसून झाल्यावर पोट सैल पडतं, तेवढाच एक श्वास असतो. त्या श्वासात बटण आत गेलं. फुग्यात पाच मिली पाणी, हलकेच ओढून पाहणं, पिचकारीनं पोटातला रस वर आला का बघणं, सगळं मिनिटभरात. पाहणीची बाईसुद्धा हसत होती. तिनं डोळे पुसले.

"नर्सलाही जमलं नसतं हो," ती म्हणाली. "तुमच्यासारखी आई सगळ्यांना मिळो." आणि फाईलमध्ये बराच वेळ लिहीत बसली.

आक्कानं मांड्यांखालचे हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आक्कानं मोठ्यानं वाचलं: "मातेचे कौशल्य व तत्परता पाहता सदर बालकास बाहेरील मदतनिसाची आवश्यकता दिसून येत नाही. मातेचे अभिनंदन." कागद उलटा करून तिनं मागेही पाहिलं. "हार पाठवलेला दिसत नाही."

कार्यालयात फोन केला, तर फेरपाहणी वर्षानं होते म्हणाले. दुकानदार काका दोन दिवस ओरडले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, खुर्ची ठेवली असती. पण गिऱ्हाईक थांबत नाही." मागच्या खोलीतला तिचा स्क्रू पिळायचा बारका पेचकस त्यांनी कागदात गुंडाळून दिला. तो घरी कशाला लागणार होता, ते दोघांनाही सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी आक्कानं पिशवी उचलली. तिला दोन गल्ल्या पलीकडे नेमलं होतं. "तिथली आई बटण नुसतं बघितलं तरी चक्कर येऊन पडते," ती म्हणाली. "आठ तास मिळालेत तिला. शीक काहीतरी."

"तू सांगितलं असतंस त्या बाईला."

"मी सांगून काय होणार? मी हातांवर बसले होते. तुला तेवढंही जमलं नाही." मग तिनं बाईसाहेबांच्या गालाला बोट लावलं आणि ते पटकन काढून घेतलं.

सोमवारी दहाला दुकानाचं शटर वर गेलं असेल. आई पिचकारी उंच धरून उभी होती. वर्षानं पुन्हा पाहणी आहे, म्हणून तिनं सराव करून पाहिला, हात थरथरवायचा. मनगट हलवलं, बोटं हलवली. पोरीला वाटलं खेळ आहे. ती तोंड उघडून शिंकेची वाट बघत राहिली.

आईनं शिंक दिली नाही. पिचकारी खालपर्यंत रिकामी झाली. थेंबसुद्धा सांडला नव्हता.