आढ्यावरचे घुबड आणि माझे काडतूस

मित्रांनो, मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. मात्र वाघ, दरोडेखोर किंवा युद्ध यांच्याशी माझा कधीही संबंध आला नाही. माझ्या नळीत जेमतेम करंगळी शिरते. माझ्या काडतुसात मोहरीएवढे छर्रे असत. वीस पावलांपर्यंत त्यांचा उपयोग. त्यापुढे केवळ आवाज.

कारखान्यात माझी नळी घडली, तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला आणि पीक-संरक्षणाच्या परवान्यावर मी बीडजवळच्या पालीला, भारतरावांच्या शेतावर आले. ज्वारी हुरड्यात आली की पोपटांचे थवे उतरत. भारतराव हवेत बार काढत. थवा उडे आणि पाव तासाने परत येई. बंदुकीमुळे पीक वाचते, असे गाव म्हणे. वस्तुतः ते भारतरावांच्या पत्नी छबुबाई दिवसभर गोफण फिरवत म्हणून वाचे. तरीही ते कौतुक मला आवडत असे. बार झाल्यावरचा दारूचा कडवट वास आणि त्यात मिसळलेला ओल्या कडब्याचा वास मला अजून आठवतो.

माझे खरे काम पत्र्याच्या खोलीत होते. तिथे बियाण्याची ज्वारी असे आणि अर्थातच उंदीर असत. मोठ्या बंदुकीने पत्रा फाटला असता. माझ्या छर्र्यांनी तो नुसता खडखडे.

१९९३ साली त्या खोलीच्या आढ्यावर एक गव्हाणी घुबड येऊन राहिले. घुबड अशुभ, म्हणून भारतरावांनी ते माझ्याकडून पाडले. नेम अचूक होता. त्या वर्षी उंदरांनी निम्मे बियाणे खाल्ले. या दोन घटनांचा संबंध कुणी जोडला नाही. मला बोलता येत नव्हते.

तीन वर्षांनी दुसरे घुबड आले. तेव्हा सून तेजश्रीला सातवा महिना होता. ती बीडच्या कॉलेजात विज्ञान शिकलेली. छबुबाईंच्या जिवाला घोर लागला.

"आवं, कावून थांबलात? सून दोन जिवाची हाय," त्या भारतरावांना म्हणाल्या.

भारतरावांनी काडतूस भरले. ते खोलीत शिरले, तेव्हा तेजश्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. घुबड न पचलेली हाडे आणि केस गुठळी करून ओकून टाकते. अशा तीन गुठळ्या तिने काडीने उकलल्या होत्या.

"मामा, बार काढा, पर आदी ह्ये मोजा. अकरा कवट्या हायत उंदराच्या. तुमी मागल्या महिन्यात किती मारले?"

"चार."

"आन् काडतुसं?"

"नऊ." भारतरावांनी माझी नळी खाली केली.

"म्हंजी आता घुबडाला चाकरीला ठिवायचं का?" मागोमाग आलेल्या छबुबाईंनी विचारले.

"ठिवू की. त्येला परवाना बी लागत न्हाई," भारतराव म्हणाले.

छबुबाई दोन महिने कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होत्या. घुबडामुळे नव्हे आणि घुबड असूनही नव्हे. त्याचा याच्याशी काहीच संबंध नव्हता. बियाण्याशी मात्र होता. त्या वर्षी ज्वारीचे एकही पोते कुरतडले गेले नाही.

त्यानंतर मी भिंतीवरच राहिले. दस्त्याला भेग गेली, नळीला गंज चढला. मला तेल लावा, अशी माझी विनंती नाही. विनंती एवढीच, की धान्याच्या खोलीत विषाच्या गोळ्या टाकू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड खाते आणि मरते. माझा बार निदान ऐकू तरी येत असे.

१९९९ मध्ये परवान्याची मुदत संपली. भारतराव मला पोलीस ठाण्यात जमा करायला निघाले, तेव्हा पत्र्याच्या खोलीच्या दारात छबुबाई नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. आढ्यावर चार पिल्ले होती. पोरगी त्यांच्याकडे बोट करून ओरडली, तशी छबुबाईंनी तिच्या ओठांवर हात ठेवला.

"हळू गं बाई. रातभर राबून त्यांची आई आत्ता निजलीया."